चाक, चिखल, चषक: गरगर फिरणाऱ्या गमती!

ऐतिहासिक नाटकातला दुष्ट सरदार आठवतोय? एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात दांडीचा पेला आणि वर गडगडाटी हास्य! पेला पितळी, हास्य खोटं. आज आपण बोलणार आहोत त्याच घाटाच्या, पण अस्सल मातीच्या पेल्याबद्दल. वर वाटी, मधे सडपातळ दांडी, खाली गोल बैठक. मॉडर्न भाषेत गॉब्लेट. चला, फिरवा चाक!

माहीत आहे का? मातीचा गॉब्लेट चाकावर सहसा एका दमात होतच नाही. वाटी वेगळी बनते, दांडी वेगळी बनते आणि मग दोघांचं जुळवून दिलं जातं. दिसतो सिंगल, असतो मॅरिड!

आता या लग्नाची तयारी जरा जवळून बघू. आधी माती मळायची, म्हणजे आतली हवा निघून जाते. मग गोळा चाकावर आपटायचा आणि चाक सुरू. पहिलीच परीक्षा सेंटरिंगची, म्हणजे गोळा चाकाच्या बरोब्बर मधोमध आणायची. कोपरं मांडीला नाहीतर पोटाला घट्ट टेकवायची, तळवे मातीवर, आणि माती कितीही झुलली तरी हात हलू द्यायचा नाही. आता डोळे मिटून मातीला बोट लावा. बोट थरथरलं नाही? पास!

पुढे दोन्ही अंगठे मधोमध दाबले की खड्डा पडतो. एक हात आत, एक बाहेर. दोन्हींच्या बोटांमधे माती अलगद धरून तळापासून काठापर्यंत वर न्यायची. हात चढेल तसा चाकाचा वेग कमी करायचा, नाहीतर काठ भिरभिरत बाहेर फाकतो. पाणी हवं, पण बेताने. जास्त झालं की भिंत मट्कन खाली बसते. काठ गुळगुळीत करायला शौकीन लोक शॅमॉय लेदरची चिंधी वापरतात, बाकीचे प्लॅस्टिकच्या पिशवीची ओली पट्टी. रिझल्ट सेम टू सेम!

दांडी बरेचदा उलटी बनवतात. बैठकीचा पसरट काठ वर आणि बारीक गळा खाली. चाकावरून उतरली की अगदी छोटीशी तुतारीच दिसते.

आणि माहीत आहे का, ही दांडी आतून पोकळ असते! भरीव ठेवली तर बाहेरून वाळते आणि आतून ओलीच राहते. मग भट्टीत गेल्यावर ती काय करते ते पुढे सांगतोच. धीर धरा.

लग्नाचा मुहूर्त कोणता? माती ‘लेदर-हार्ड’ झाली की! नखाने दाबलं तर खूण उमटते, पण वाकवू गेलं तर सहज वाकत नाही, अशी अवस्था. या वेळी वाटी उलटी करून चाकावर ठेवायची आणि जादा माती धारदार हत्याराने सोलून काढायची. मातीच्या लांबच लांब फिती निघतात, बघत राहावंसं वाटतं. या फिती टाकायच्या नाहीत हं! पाण्यात भिजवल्या की पुन्हा माती तयार. भट्टीत जाईपर्यंत कुंभाराच्या घरी वाया काही जात नाही.

जोडायला काय लावतात? फेविकॉल? एम-सील? छे! दोन्ही तोंडांवर काट्याने चरे पाडतात आणि त्याच मातीचा पातळ लगदा लावून दाबतात. बास. अट एकच: दोघं सारखेच ओले हवेत. एक ओला, एक कोरडा असला की दोघं वेगवेगळ्या मापाने आकसतात आणि सांध्यावर तडा. घटस्फोट, तोही भट्टीच्या आत!

आता तो भट्टीचा किस्सा. पाण्याची वाफ झाली की ती साधारण १,७०० पट जागा मागते. ओलसर भांडं घाईघाईने तापवलं तर आतली वाफ वाट बघत बसत नाही. फट्! एक पेला फुटतो आणि शेजारच्या चार जणांना घेऊन जातो. ‘वाळू दे रे, वाळू दे’ असं प्रत्येक गुरू का ओरडत असतो, ते कळलं?

अजून एक डेंजर झोन: ५७३ अंश सेल्सिअस. मातीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे कण असतात. बरोब्बर या तापमानाला त्यांच्या स्फटिकाची रचना बदलते आणि ते एकदम फुगतात. थंड होताना त्याच ठिकाणी एकदम आक्रसतात. म्हणून भट्टी विझल्याबरोबर दार उघडून डोकावणाऱ्या उतावळ्याच्या नशिबी बहुधा तडेच.

पेला भट्टीतून बाहेर आला आणि लहान वाटला, तर डोळे चोळू नका. ओल्यापासून पक्का होईपर्यंत माती साधारण १० ते १२ टक्के आकसते, काही माती त्याहूनही जास्त. १० सेंटिमीटरचा पेला हवा तर चाकावर सव्वाअकरा-साडेअकराचा काढा. शिंप्याच्या उलटं गणित: इथे शिवतानाच मोठं, धुतल्यावर फिट!

माहीत आहे का? मातीला मेमरी असते, तीही बिनाचार्जिंगची! ओला पेला हातून जरा वाकला आणि तुम्ही गुपचूप सरळ केला, तरी भट्टीत गेल्यावर तो पुन्हा वाकू शकतो. सपाट मातीच्या कणांची रांग एकदा मोडली की ती खुन्नस धरून बसते. चहाडखोर कुठली!

बरं, हा एका पायावर उभा राहण्याचा शौक कधीपासूनचा? सीट बेल्ट बांधा.

चीनमध्ये, शांतुंग प्रांताच्या आसपास, ४,००० वर्षांहून जुनी लुंगशान संस्कृती. तिथले कुंभार चाकावर काळेभोर, उंच दांडीचे मातीचे पेले काढायचे. जाडी? काही ठिकाणी जेमतेम अर्धा मिलिमीटर! तुमच्या खिशातलं एटीएम कार्डही पाऊण मिलिमीटरचं असतं. वजन ५० ग्रॅमच्याही आत. पुरातत्त्वज्ञ त्यांना ‘अंड्याच्या कवचाची भांडी’ म्हणतात. वीज नाही, मशीन नाही, डिजिटल कॅलिपर नाही. माझ्या मते चाकाच्या इतिहासातला मॅन ऑफ द मॅच हाच, पुढचे सगळे रनर-अप.

मंडळी, आपणही मागे नव्हतो! नर्मदेच्या काठी, महेश्वरच्या समोर नवदाटोली नावाचं ठिकाण आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया आणि त्यांचे सहकारी तिथे १९५० च्या दशकात उत्खनन करत होते. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाण काळातल्या या वस्तीत माळवा पद्धतीची रंगीत भांडी सापडली आणि त्यांत दांडीचे पेलेही होते. त्यातून नक्की काय प्यायचे? सरळ उत्तर द्यायला पेला तयार नाही. दूध म्हणा, पाणी म्हणा, नाहीतर गालातल्या गालात हसा.

मोहेंजोदडोत तर उलटाच प्रकार. तिथे पेल्यांचे ढीगच्या ढीग सापडले, पण बूड चक्क टोकदार! टेबलावर ठेवूच शकत नाही. म्हणजे हातात घ्या, प्या आणि मोकळे व्हा. हे वापरून फेकायचे पेले असावेत, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. काहींवर तर मुद्रेचे ठसेसुद्धा आहेत. आपण आज कॉफीच्या कपावर कंपनीचा लोगो बघून भाव मारतो. सिंधूकाठच्या लोकांनी ते आधीच करून टाकलं होतं.

डिस्पोजेबल कप ही नव्या पिढीची देणगी, असं आजही कोणी म्हणत असेल तर त्याला लंडनला पाठवा. २०१९ च्या अखेरीस ब्रिटिश म्युझियमने कचऱ्यावर एक छोटं प्रदर्शन भरवलं. त्यात क्रीट बेटावरचा साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा, बिनकानाचा मातीचा कप ठेवला आणि शेजारी १९९० च्या दशकातला, विमानप्रवासातला कागदी कप! क्रीटच्या मेजवान्यांत असे कप हजारोंनी लागायचे. पाहुणे गेले की भांडी घासायला कोण बसणार? यजमानांचा प्रॉब्लेम तेव्हाही तोच होता.

आता ग्रीकांकडे जाऊ, कारण पेल्यावरून कल्ला करण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

त्यांचा ‘कायलिक्स’ म्हणजे उथळ, पसरट, दोन कानांचा आणि दांडीचा मातीचा पेला. काही कायलिक्सवर बाहेरून दोन टपोरे डोळे रंगवलेले असत. पिणाऱ्याने पेला तोंडाला लावून वर केला की समोरच्याला काय दिसायचं? दोन डोळे, बाजूचे कान आणि बैठकीखालचं गोल तोंड. संपूर्ण मुखवटा! इन्स्टाग्रामच्या फिल्टरला अडीच हजार वर्षांनी ज्येष्ठ असलेला हा भाऊ.

पेल्यावर जो चकचकीत काळा रंग दिसतो, तो रंगच नाही! ती मातीच. बारीक गाळलेली लोहयुक्त माती लावायची, मग भट्टीत आधी हवा सोडायची, नंतर कोंडायची, पुन्हा सोडायची. शेवटच्या वेळी उरलेला पेला लाल होतो आणि बारीक मातीचा भाग काळाच राहतो. पेंटवाल्याची कमाई शून्य.

पार्टी गेम ऐकायचाय? नाव ‘कोटाबोस’. पेल्यातली वाइन पिऊन झाली की तळाचा गाळ नेम धरून फेकायचा. पेल्याच्या कानात बोट अडकवायचं, मनगटाला झटका द्यायचा आणि समोरचं लक्ष्य पाडायचं. भिंती कोण पुसायचं, ते मात्र कोणी लिहून ठेवलेलं नाही.

पण ग्रीक पेल्याचा सगळ्यात भारी रोल पार्टीत नव्हता, राजकारणात होता! अथेन्समध्ये एखादा पुढारी डोक्यावर चढून बसतोय असं वाटलं की लोक खापरांवर त्याचं नाव खरवडून मत द्यायचे. मतं पुरेशी जमली की गडी दहा वर्षं शहराबाहेर. थेमिस्टोक्लीस हा इराण्यांना समुद्रात धूळ चारणारा हिरो, त्याच्याही नावाची अशी सुमारे १९० खापरं ॲक्रोपोलिसच्या उताराजवळच्या एका विहिरीत सापडली. त्यातली बरीचशी म्हणजे मोडक्या पेल्यांच्या गोल बैठका, मस्तपैकी मुठीत बसणाऱ्या. आणि मजा पुढेच आहे. अभ्यासकांनी अक्षरं तपासली, तर इतक्या खापरांवर हात फक्त १४ जणांचे! म्हणजे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेली ‘रेडीमेड’ मतं वाटायला घेऊन बसलं होतं. बोगस मतदानाचा पुरावा, तोही भाजून पक्का केलेला. कुठल्या मतदारसंघाची आठवण आली? मी काही बोललो नाही हं!

तिकडच्याच सामोस बेटावर आजही पर्यटकांना एक खट्याळ पेला विकतात: पायथागोरसचा पेला. मधोमध एक खांब. खुणेपर्यंत भरलात तर निमूट प्या. हावरटपणा करून वर भरलात तर सगळाच्या सगळा द्रव बुडातून गळून जातो, एक थेंबसुद्धा उरत नाही. खांबाच्या आत वाकडी नळी लपवलेली असते. पातळी नळीच्या वळणाच्या वर गेली की सायफन सुरू!

थांबा थांबा, हे कुठेतरी पाहिलंय ना? अर्थात! आपला वासुदेवाचा पेला! मधे बाळकृष्णाला डोक्यावर घेतलेला वसुदेव, भोवती यमुना चढत जाते. कृष्णाच्या पावलाला पाणी लागलं की यमुना सर्रकन ओसरते. आतली वाकडी नळी तीच, सायफनही तोच. तिकडे हावरटाला धडा, इकडे भाविकाला चमत्कार. एकाच फिजिक्सचे दोन डायरेक्टर! जुन्या घरांत हा पेला पितळेचा सापडतो. पोटमाळ्यावर चढून बघा, नशिबात असेल तर मिळेल.

माहीत आहे का? पेल्यावरून अख्ख्या समाजाला नाव मिळालंय! युरोपातले ‘बेल बीकर’ लोक. त्यांची भाषा कोणती, ते स्वतःला काय म्हणत, पत्ता नाही. उलट्या घंटेच्या घाटाचे पेले थडग्यात पुरायचे, एवढ्यावरून बारसं झालं. २०१८ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या डीएनए अभ्यासानुसार, हे लोक ब्रिटनमध्ये आल्यानंतर काही शतकांत तिथला जवळजवळ ९० टक्के वंशवारसा बदलून गेला. आणि त्यांचे पेले? चाकावरचे नाहीतच, हाताने थापलेले.

चाक नसलं तर काय अडतं, हे विचारायचं तर अमेरिकेला विचारा. कोलंबस पोचण्याआधी त्या दोन्ही खंडांत कुंभाराचं चाक नव्हतं. तरी पेरूतली, मेक्सिकोतली भांडी बघून तोंडात बोट जातं. कहर म्हणजे मेक्सिकोत चाकं लावलेली मातीची खेळणी सापडली आहेत. चाक माहीत होतं, पण फक्त पोरांसाठी!

उलट इजिप्तमध्ये देवच कुंभार. मेंढ्याच्या डोक्याचा ख्नूम चाकावर माणसं घडवायचा. हातशेप्सुत राणीच्या देवळात तो तिला आणि तिच्या प्राणरूपाला चाकावर घडवताना कोरलाय. गोची अशी की चाकावरचं बाळ मुलगा दाखवलंय! राणीला फेरोच्या गादीवर बसायचं होतं ना, मग देवाकडूनच कागदपत्रं ‘दुरुस्त’ करून घेतली.

तुम्ही राइटी की लेफ्टी? चाकालाही असतं ते. जपानमध्ये चाक परंपरेने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं, युरोप-अमेरिकेत उलट्या दिशेने. हल्लीच्या बऱ्याच इलेक्ट्रिक चाकांना रिव्हर्सचं बटण असतं. रिक्षालाही असतं म्हणा, पण इथे आरशात बघावं लागत नाही.

आपलं गावाकडचं चाक म्हणजे पेट्रोलशिवाय चालणारी गाडी. जड, रुंद, खुंटीवर तोललेलं. कडेच्या खाचेत काठी घालून गरागरा फिरवलं की ते स्वतःच्या वजनाच्या जोरावर फिरत राहतं आणि तेवढ्यात कुंभार कामं उरकतो. पणत्या, बोळकी, कुल्हड काढायचे तर प्रत्येकासाठी नवा गोळा कोण घेत बसणार? मोठा ढीग चाकावर ठेवायचा, फक्त शेंड्याचा भाग मधोमध आणायचा, अंगठा घातला, काठ ओढला, दोरा फिरवला, उचलला. पुढचा! तुम्ही मोबाइल काढून व्हिडिओ सुरू करेपर्यंत तीन झालेले असतात.

तो दोरा जाताना बुडावर गोल चक्रीची खूण ठेवतो. पुरातत्त्वज्ञांना ही चक्री म्हणजे लॉटरी! भांडं फिरत्या चाकावरून कापलं का, हे ती खूण हजारो वर्षांनीही सांगते. म्हणून म्युझियममध्ये जाणकार माणूस नक्षी सोडून बूड बघायला वाकलेला दिसतो. त्याला हसू नका.

महाराष्ट्राची बाजू मांडायची तर संगमनेरजवळच्या जोर्वे गावाला मान. या छोट्याशा गावाच्या नावाने एक अख्खी ताम्रपाषाण संस्कृती ओळखली जाते, ती चाकावरच्या लाल भांड्यांमुळे. वर काळी नक्षी आणि भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर धातूसारखा आवाज! शिरूर तालुक्यातल्या इनामगावला तर त्या काळातल्या कुंभाराची भट्टीसुद्धा सापडली.

आवाजावरून आठवलं. धाराशिव जिल्ह्यातलं तेर, म्हणजे गोरोबाकाकांचं गाव. संतांचा मेळा जमला होता. कोण पक्कं, कोण कच्चं, हे बघा असं मुक्ताबाईंनी सुचवलं आणि काकांनी थापटणं उचलून एकेकाच्या डोक्यावर मारलं, अशी कथा आहे. सगळे गप्प, नामदेव मात्र चिडले. निकाल: मडकं कच्चं! थापटणं हे कुंभाराचं रोजचं हत्यार. आतून दगडी गोटा धरायचा, बाहेरून थापटण्याने ठोकायचं, की चाकावरचं जाड भांडं फुगत मोठं होतं. डोक्यांवरचा त्याचा प्रयोग मात्र एकमेव असावा. आणि तेर काही आडगाव नव्हे बरं! पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात ‘तगर’ म्हणून त्याची बाजारपेठ नोंदलेली आहे.

आता थोडी हाय-फाय मंडळी. वेजवूड हे क्रॉकरीतलं बडं नाव. पण संस्थापक जोसाया वेजवूड यांचा गुडघा लहानपणी देवीच्या आजाराने कायमचा दुखावला. पायाने चाक मारणं अवघड, म्हणून ते माती आणि ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, यांच्या प्रयोगांकडे वळले. १७६८ मध्ये तो पाय कापावाच लागला. पुढे भट्टीचं तापमान मोजायचं उपकरण काढून रॉयल सोसायटीचे फेलो झाले. बोनस फॅक्ट: चार्ल्स डार्विन त्यांच्या मुलीचा मुलगा!

अमेरिकेतल्या बिलॉक्सी गावचा जॉर्ज ओहर तर स्वतःच स्वतःला ‘मॅड पॉटर’ म्हणवून घ्यायचा. मिशा एवढ्या मोठ्या की चाकात अडकतील अशी भीती वाटावी! कागदासारखी पातळ भांडी काढायचा आणि मग मुद्दाम पिळायचा, दुमडायचा, चेपायचा. १८९४ च्या आगीत वर्कशॉप जळालं, तर होरपळलेली भांडी ‘माझी भाजलेली बाळं’ म्हणून जपून ठेवली. हयातीत कोणी फारसं विचारलं नाही. १९१८ मध्ये तो गेला आणि हजारो भांडी पोरांच्या गॅरेजमध्ये धूळ खात पडली. पन्नास वर्षांनी एका अँटिकवाल्याला सापडली. आज त्याच्या नावाचं म्युझियम आहे, तेही आर्किटेक्ट फ्रँक गेरीने डिझाइन केलेलं.

उलट टोकाला यॉर्कशरचा आयझॅक बटन. नाटक नाही, मिशा नाहीत, फक्त तोंडात पाइप. एका दिवसात एक टन माती चाकावरून काढायची त्याची ख्याती होती. त्याच्यावर १९६० च्या दशकात निघालेली फिल्म बघा, पाइप काही तोंडातून हलत नाही!

चाकाचा पडद्यावरचा सुपरहिट सीन कोणता? बरोबर, ‘घोस्ट’, १९९०. डेमी मूर, पॅट्रिक स्वेझी आणि मधे बिचारं कोसळलेलं भांडं. पण माहीत आहे का, दिग्दर्शक जेरी झुकर मुळात विनोदी सिनेमांचा माणूस. आणि पुढच्याच वर्षी ‘नेकेड गन’च्या दुसऱ्या भागात या सीनची टर कोणी उडवली? सख्खा भाऊ डेव्हिड झुकरने! घरचा आहेर म्हणतात तो हाच.

त्याआधी १९५० च्या दशकात बीबीसीवर कार्यक्रमांच्या मधे मोकळा वेळ आला की चाकावर भांडं घडवणाऱ्या हातांची फिल्म लावायचे. हात सुंदर, चाक सुंदर, पण भांडं काही पूर्ण होतच नाही! आपल्याकडे ‘रुकावट के लिए खेद है’ची पाटी यायची. दोन्हींत कंटाळा सारखाच, पण त्यांचा जरा कलात्मक.

फिरत्या चाकावरच्या रेघांत जुन्या काळचे आवाज रेकॉर्ड झाले असतील का, ग्रामोफोनच्या तबकडीवर होतात तसे? हसू नका, १९६९ मध्ये वुडब्रिज नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी हे एका नामांकित इंजिनिअरिंग जर्नलला पत्र लिहून मांडलं होतं. पुढे ‘मिथबस्टर्स’ या टीव्ही कार्यक्रमवाल्यांनी प्रयोग केला. निकाल: बस्टेड! मोहेंजोदडोतल्या सासू-सुनांची भांडणं आपल्याला ऐकता येणार नाहीत.

क्रिकेटवाले जागे आहात ना? कसोटीतली सगळ्यात गाजलेली ट्रॉफी, ॲशेसचा मूळ कलश, मातीचाच! टेराकोटा. उंची जेमतेम ११ सेंटिमीटर. १८८२-८३ च्या दौऱ्यात इंग्लंडचा कर्णधार आयव्हो ब्लाय याला भेट मिळालेला हा कलश लॉर्ड्‌सच्या म्युझियममध्ये राहतो. जिंकणाऱ्याच्या हातात देतात ती वेगळी ट्रॉफी. मूळ कलश झेलायला द्यायची रिस्क कोण घेईल?

महागडा पेला हवाय? २०१४, हाँगकाँग. मिंग काळातला, कोंबडा-कोंबडी आणि पिल्लं रंगवलेला इवलासा पोर्सेलिनचा कप २८ कोटी हाँगकाँग डॉलरना गेला. घेणारा ल्यू यीचिएन हा एकेकाळचा टॅक्सी ड्रायव्हर. पैसे भरले क्रेडिट कार्डाने, २४ वेळा स्वाइप करून! आणि मग पठ्ठ्याने त्याच कपातून चहा प्यायला. रिवॉर्ड पॉइंट्सचा हिशेब तुम्हीच करा.

आपला कुल्हड मात्र दोन-चार रुपयांतला हिरो. २००४ मध्ये लालूप्रसाद यादवांनी त्याला रेल्वेत आणलं, २०२० मध्ये पीयूष गोयलांनी पुन्हा घोषणा केली. ‘पर्यावरणपूरक’ म्हणून सगळे टाळ्या वाजवतात. वाजवा, प्लॅस्टिकपेक्षा केव्हाही बरा. पण भाजलेली माती पुन्हा माती होत नाही! खापर हजारो वर्षं खापरच राहतं, नाहीतर मोहेंजोदडोचे पेले सापडले असते का? आज फेकलेला तुमचा कुल्हड उद्याच्या पुरातत्त्वज्ञाचा पगार आहे.

कनौजवाले तर भाजलेल्या मातीचं अत्तर काढतात. तांब्याच्या हंड्यात माती उकळायची, वाफ चंदनाच्या तेलात उतरवायची आणि पहिल्या पावसाचा वास बाटलीत बंद!

आणि सगळ्यात ज्युनिअर कुंभार कोण? कुंभारमाशी! चिखलाचे गोळे आणून फांदीवर बारीक गळ्याची, बाहेर वळलेल्या काठाची मडकी बांधते. आत एक अंडं आणि अळ्यांचा डबा भरून तोंड सीलबंद. चाक नाही, क्लास नाही, सर्टिफिकेट नाही.

तुम्हाला मात्र क्लास लागेल! म्हणून जाता जाता चार टिप्स. अंगठ्या घरी ठेवा. जुने कपडे घाला. पहिल्याच दिवशी दांडीचा पेला मागू नका, आधी साधी वाटी जमू द्या. विकत घेणार असाल तर टिचकी मारून बघा: खणखणीत वाजला तर घ्या, भद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे, ठेवून द्या. पिण्यासाठी हवा असेल तर आतलं ग्लेझ खाण्या-पिण्याला चालणारं आहे का, ते विक्रेत्याला आधी विचारा. आणि नखं? ती आजच कापा!